कोऱ्या फॉर्मवरची सही

अलकनंदा रणदिवे सरकारी वकील. न केलेले उपचार दाखवून सरकारी आरोग्य योजनेचे पैसे लाटणाऱ्या हॉस्पिटलांवर ती दिवाणी दावे लावते. पण जास्त चिडते ती पेशंटांवर. "कोऱ्या फॉर्मवर सही करतातच कशी ही शिकलेली माणसं?" असं ती दिल्लीतल्या द्वारका भागातल्या घरी जेवताना तावातावाने म्हणते. तिचे वडील भाऊसाहेब, केंद्रीय मंत्रालयातले निवृत्त सेक्शन ऑफिसर, वरणभात कालवत राहतात.

परवा नव्या दाव्याची फाइल चाळताना पेशंटांच्या यादीत तिला भाऊसाहेबांचंच नाव दिसलं. तेरा ते सोळा जानेवारी, गुडघ्यासाठी भरती, आणि खाली त्यांची वळणदार सही. चौदा तारखेला तर ती स्वतः त्यांना पानिपतला, लढाईच्या काला अंब स्मारकाला घेऊन गेली होती. फोटो तिच्याच फोनमध्ये होता. आता वडिलांचं नाव आहे हे सांगावं तर दावा दुसऱ्या वकिलाकडे जाणार, लपवावं तर समोरचा वकील भर कोर्टात उकरून काढणार.

घरी येऊन तिने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, तुम्हीसुद्धा?"

"तपासणीला गेलो होतो गं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अंकल, साइन कर दीजिए, बाकी हम भर लेंगे. मी नाहीच म्हणत होतो."

"मग?"

"तिने विचारलं, घरी कोण असतं. मी तुझं नाव सांगितलं, सरकारी वकील आहे म्हणालो. तर मोठे डॉक्टर स्वतः उठून आले, चहा मागवला." भाऊसाहेबांनी मान खाली घातली. "तुझ्यामुळे मिळालेला मान होता तो. त्यानंतर नाही कसं म्हणणार?"