विषयाला सोडून

बातमी होती मुरुडच्या जेट्टीची आणि मी तिच्याखाली विचारलं होतं, "उरणकरा, घरी आलास का? जेवण जातंय का?" उत्तर आलं ते वेबसाइटचं. तुमची प्रतिक्रिया विषयाशी संबंधित नसल्याने प्रसिद्ध करता येत नाही.

माझं टाळकंच सरकलं. याच वेबसाइटवर याच उरणकराने मला 'डोक्यात नारळ पडलेला म्हातारा' म्हटलं होतं, ते बिनबोभाट छापलं. मी त्याची अक्कल काढली, तीही छापली. जेवण विचारलं तेवढं यांना खटकलं.

त्याचं नाव मला ठाऊक नाही. तिथे कुणी खरं नाव लावतच नाही. घरची मिठागरं होती, ती गेली, आता ट्रक आहेत, ते मुलगी बघते, एवढं भांडता भांडता कळलेलं. पुलाची बातमी असो की मासळीच्या भावाची, आम्ही भिडायचो. तो लिहायचा, "तुला काय ठाव हाय मुरुडकरा, तू आपला नारल मोजीत बस." मी चहा करून घ्यायचा आणि उत्तर द्यायला बसायचं. बायको गेल्यापासून माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलगा पुण्याहून फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो आणि ठेवतो. भांडायला त्याला सवड नाही.

मग एकदा खड्ड्यांच्या बातमीखाली, मला यथेच्छ झोडपून झाल्यावर, त्याने शेवटी लिहिलं, "सोमवारी छातीचं आपरेशन हाय. तवर तू जिंकलास असं समज." भांडणाच्या शेपटाला होतं म्हणून ते वेबसाइटच्या नजरेतून सुटलं असावं. त्यानंतर तो लिहायचा थांबला.

आमच्याकडे ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्यालाही आधी 'जेवलास का' विचारतात, मग तोंड सोडतात. मी जन्मभर स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलो. अलिबागची गाडी विचारायला आलेली म्हातारी आधी माझ्या घरच्यांची खुशाली विचारायची, मी तिच्या गुडघ्यांची. रांग खोळंबायची, पण कुणी विषयाला धरून बोला म्हणालं नाही. त्याच खोडीने मी प्रत्येक बातमीखाली त्याला विचारत राहिलो. रो-रो बोटीच्या, पाणीकपातीच्या, एका नटीच्या लग्नाच्यासुद्धा. एकही छापलं नाही.

तक्रार केली. माणूस जिवंत आहे का, हे विचारणं विषयाला सोडून असेल तर तुमचा विषय तरी कोणता, असं खडसावून लिहिलं. 'आपल्या सूचनेबद्दल आभार' असं उत्तर आलं. सूचना म्हणे! उरण काही लांब नाही, पण तिथे जाऊन कुणाचं घर विचारणार होतो?

शेवटी त्यांच्याच वाटेने गेलो. मिठागरांवर एक बातमी आली, तिच्याखाली ठोकून दिलं, "उरणच्या मिठाला चव नाही. आमच्याकडे ते गुरांनाही घालत नाहीत." धडधडीत खोटं होतं. आमच्या लोणच्याला त्याच बाजूचं जाडं मीठ लागायचं, बायको दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. पण हे वाचून तो खाटेवरून उठून मला शिव्या घालायला येईल, याची मला खात्री होती. प्रतिक्रिया लगेच छापून आली.

काही दिवस शांततेत गेले. मग एका दुपारी अंगणात सुपारी वाळत घालत होतो, तेव्हा फोन वाजला. तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर आले आहे. खाली उत्तराची सुरुवात दिसत होती: "काका, मी त्यांची मुलगी. तुम्हाला कळवायचं राहिलं, बाबा" आणि पुढे तीन टिंबं.

धोतराला हात पुसले आणि पान उघडलं. वाक्य ओळखीचंच होतं. ही प्रतिक्रिया विषयाशी संबंधित नसल्याने काढून टाकण्यात आली आहे.

पुन्हा तक्रार लिहिली. या वेळी रागावलो नाही, हात जोडले. छापू नका, ते एक वाक्य पुरं करून फक्त मला कळवा, म्हटलं. आभार आले.

त्या मिठाच्या बातमीखाली आता कुणी फिरकत नाही. काल मी तिथे लिहिलं, "उरणचं मीठ चांगलं असतं. मी खोटं बोललो होतो." ते विषयाला धरून होतं. लगेच छापून आलं.