मंडळींची ज्वारी

दुष्काळाच्या त्या साली पारनेरजवळच्या रोपवाटिकेत मी मजुरांची हजेरी घ्यायचो आणि रोपांचे रोग पाहणारे आमचे साहेब बुरशी वाढवायचे. लिंबाची रोपं बुडाशी सडून आडवी पडत. तो रोग हटवणारी हिरवी बुरशी ते बरण्यांमध्ये, उकडलेल्या ज्वारीवर वाढवत आणि वाफ्यांत मिसळत. सकाळी फडकं उचलून बरण्यांना विचारत, "काय मंडळी, उठलात का?" आमच्याशी मात्र कामापुरतंच बोलत.

एकदा पाणी घालणाऱ्या बाईने त्यांना सुनावलं, "अवो सायेब, आमाला रेशनचा परदेशी लाल मिलो अन् तुमच्या बुरशीला चांगली ज्वारी? लई लाडाची हाय की!"

सगळे हसले. मीही हसलो. ते "खरंय" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोदामातली ज्वारी घेणं बंद केलं आणि जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन एकटेच शेडमागे जाऊ लागले. माणूस चिकट आहे, वाटून खायला नको म्हणून लपतो, हे मीच सगळ्यांत पसरवलं.

एका दुपारी भाकरी खात खातच मी त्यांची सही घ्यायला तिकडे गेलो. घरून आणलेली उकडलेली ज्वारी ते डब्यातून बरणीत ओतत होते. डब्यात स्वतःसाठी काही उरलं नव्हतं. मला पाहून ओशाळले, म्हणाले, "मंडळी जेवतायत."

"या, बसा माझ्याबरोबर," एवढं म्हणायला काय लागत होतं? मी हातातली भाकरी पाठीमागे धरली आणि सही घेऊन परत आलो.

लिंबं जगली. बदली होईपर्यंत ते शेडमागेच बसत राहिले.