खांद्याइतक्या उंचीचा दगड

ती घटना आठवली की आजही माझा उजवा खांदा ठणकायला लागतो.

महायुद्धाचे दिवस. कापड कंट्रोलमध्ये गेलेलं. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कोकणात उतरणाऱ्या एका खिंडीखालच्या ठाण्यात मी नवाकोरा फौजदार होतो. मिशा वयापेक्षा मोठ्या. एका व्यापाऱ्याचा दिवाणजी फिर्याद घेऊन आला. कापडाचा गठ्ठा हेलकरी बाईच्या डोक्यावर देऊन तो कोकणात निघाला होता. जबाबात त्याने सांगितलं, "खिंडीत हिनं गठ्ठा जमिनीवर ठेवला. मी झऱ्यावर पाणी प्यायला गेलो. येतो तर गठ्ठा गायब! तिसरं माणूस तिथं नव्हतं. हिनंच उचलून लपवला."

बाई पन्नाशीची, काटक. निम्मं आयुष्य त्या घाटात ओझी वाहण्यात गेलेलं. "पान्याला मी गेलते. वज्यापाशी ह्योच हुता," एवढंच म्हणाली. मग हळूच, "ल्योक पल्टनीत हाय, सायेब. आई चोर हाय असं त्येच्या कानावर जाऊ दिऊ नगा."

तरी मी तिला अटक केली. घरझडतीत काही मिळालं नाही. कोकणातल्या वाड्याही हवालदाराने पालथ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बाजारातला म्हातारा तट्टूवाला आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "दिवाणजी माजं तट्टू मागतोय. खिंडीपतोरच. वजं काय, तर कायबी न्हाई! आन् वर म्हनतो, कुनाला बोलू नगंस. आवं सायेब, मोकळं तट्टू डोंगरावर हवा खायाला न्यायचं व्हय?"

मी दिवाणजीला ठाण्यात बसवून ठेवलं. गठ्ठ्याच्या वजनाचं वाळूचं पोतं भरलं, पाठीला मारलं, आणि बाई, हवालदार व दोन पंच घेऊन दुपारी निघालो. सगळं गाव बघत होतं. वेशीपर्यंत पोतं माझ्या पाठीवर होतं. पुढे ते बाईंच्या डोक्यावर कसं गेलं, याचा उल्लेख पंचनाम्यात नाही.

खिंडीत पोहोचलो तेव्हा अंधारलं होतं. तिथल्या देवळात भाकरी खाऊन घोंगड्या पांघरल्या. पहाटे बाईंनी जागा दाखवली. वाटेच्या कडेला खांद्याइतक्या उंचीचा सपाट दगड होता.

डोक्यावरचं पोतं त्यावर टेकवत बाई म्हणाल्या, "हितं टेकवलं हुतं."

"पण दिवाणजी म्हणतो, जमिनीवर."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "भुईवर कोन टेकवंल? परत डोक्यावर कोन दील, त्येचा बा?"

मला पटेना. दगडावरून मी पोतं पाठीवर घेतलं. सोपं गेलं. ऐटीत निघालो, आणि चाळीस पावलांवर पोत्यासकट उजव्या खांद्यावर आडवा झालो. उठून पोतं उचलायला गेलो. हलेना. पुन्हा जोर लावला. पंच आकाशाकडे बघू लागले.

बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सायेब, तुमी चाळीस पावलं गेला. दिवाणजी तुमच्यापरीस बारीक हाय. त्यो किती गेला आसंल?"

ठाण्यात बसून मला जे दोन दिवसांत सुचलं नाही, ते त्या माऊलीने एका वाक्यात सांगितलं. चोराने ओझं लांब नेलं असणार असं धरून आम्ही कोकण धुंडाळत होतो. आता दगडाभोवतीची करवीची झाडी तुडवली. तिसाव्या पावलावर, पाल्याखाली, गठ्ठा!

ठाण्यात तो दिवाणजीसमोर जमिनीवर टाकला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"उचला."

त्याने दोनदा जोर लावला. घामाघूम होऊन म्हणाला, "एकट्याला भुईवरून कसा उचलेल, साहेब? दगडावरून घेतला तेव्हा..."

हवालदाराने टाक शाईत बुडवला. उरलेला जबाब दिवाणजीने न विचारताच दिला.

पुढे कितीतरी हुशार अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केलं, पण तपास शिकलो तो त्या बाईंकडून. माणूस ज्या कामावर जगतो, ते काम आपल्या अंगाने करून बघावं; मग जबाब वाचावा.

एक सांगायचं राहिलं. खिंडीतून तो गठ्ठा खाली आणायचा होता. बाई त्यापुढे उभ्या राहिल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि आमच्याकडे बघत राहिल्या. मी एक बाजू धरली, हवालदाराने दुसरी.

"कागदावर ल्ह्या, सायेब," चालू लागताना त्या म्हणाल्या, "वजं उचलाया दोन पोलीस लागले."

मी लिहिलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही; पण जमिनीवरचा गठ्ठा एकटीने उचलला हा आरोप तिथे टिकला नाही, आणि त्याच ओळीवर त्या सुटल्या.