महिपतचा अंगठा

सापगावच्या महिपतची कबड्डीतली चढाई बघायला मुरबाडहून पोरं यायची. तिघांनी धरलं तरी हा गडी त्यांना ओढत नेऊन मध्यरेषेला हात लावायचा. बाप दारूपायी गेला, म्हणून महिपतने आयुष्यात कधी तिला तोंड लावलं नाही. हे त्याच्या बायकोला, रंजिताला, ठाऊक होतं. बाकी कुणाला सांगत फिरावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

चाळिशीला टेकल्यावर एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला. चादरीचा काठ लागला तरी तो कळवळायचा. आदल्या दिवशी मेहुण्याकडे हळद होती, मटण आणि दारूची पंगत रात्रभर चालली होती.

"दादा, खरं सांग, किती चढवलीस?" धाकट्या भावाने, किशोरने, हसत विचारलं.

"नाय रे, मटण खाल्लं तेवढंच."

किशोरने डोळा मारला. गावाने तेच उचललं.

नाक्यावरच्या डॉक्टरने सुई टोचली, कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या. पाय टेकता आला. पुढे घोटा धरला, मग गुडघा. दरवेळी तीच सुई, तीच पुडी. पुडीत काय आहे ते डॉक्टरने सांगितलं नाही, महिपतने विचारलं नाही. खेळ सुटला, वर्षं अशीच गेली.

शेवटी रंजिताने त्याला शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून आजाराला नाव दिलं, गाऊट. रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. महिपतने गोळी इमानाने सुरू केली. महिना होतो न होतो तोच दोन्ही पाय एकदम सुजले. असा ठणका आधी कधीच नव्हता.

"त्या गोळीनंच केलं," किशोर म्हणाला. रंजितालाही ते पटलं. तिने पाकीट चुलीत टाकलं. पुन्हा नाक्यावरची सुई सुरू झाली.

मग बोटांच्या पेरांवर गाठी आल्या. एक फुटली आणि आतून भिजलेल्या खडूसारखं पांढरं बाहेर आलं, तेव्हा घाबरून दोघं ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी त्यातला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"सुयांसारखे स्फटिक आहेत. युरिक ॲसिडचे. तुमच्या मूत्रपिंडातून ते पुरतं बाहेर पडत नाही, मग सांध्यात साचतं. शरीर त्याच्यावर तुटून पडतं, तीच ही सूज. रोजची गोळी हा साठा विरघळवते. पण विरघळताना सुरुवातीला दुखणं उसळतं, म्हणून काही महिने सुजेचं औषध सोबत द्यायचं, आणि ती गोळी थांबवायची नाही. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाय," महिपत म्हणाला.

डॉक्टरांनी लघवीचा, रक्ताचा रिपोर्ट पुन्हा पाहिला. वर्षानुवर्षं खाल्लेल्या पुडीतल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाचं बरंच वाटोळं केलं होतं. आता औषध जपून, थोडं थोडं वाढवावं लागणार होतं.

"डॉक्टर, हे दारूनं होतं?"

"दारूनं वाढतं. पण न पिणाऱ्यालाही होतं."

"मग आमच्या गावात येऊन येवढं सांगाल?"

डॉक्टरांना गंमत वाटली, ते हसले. महिपत गंमत करत नव्हता.

या वेळी त्याने गोळी सोडली नाही. गाठी हळूहळू बसल्या, ठणके थांबले. वाकडी झालेली बोटं आणि झिजलेला गुडघा मात्र तसाच राहिला.

यंदा कबड्डी मंडळाने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. महिपत काठी टेकत व्यासपीठावर गेला. अध्यक्ष चांगोशेठने शाल घातली आणि माईक हातात घेतला.

"पोरांनो, असा चढाईबहाद्दर तालुक्यात झाला नाय. पण व्यसनानं पाय गेले. याच्याकडं बघून तुमी शहाणे व्हा."

महिपतने माईक ओढून घेतला. "मी कधी पियालो नाय."

मैदान हसलं. रागाने नाही, मायेनं, जसं पिणाऱ्याच्या बोलण्यावर हसतात तसं. पुढच्या रांगेत किशोरही हसत होता.

महिपतने शाल काढून खुर्चीवर ठेवली. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागला. रंजिता हात द्यायला पुढे आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "सांभाळ गो वयनी, जास्त झालेय त्याला!"