व्हेल शार्कच्या परात रुतलेला दोर

मंडळी, आज सकाळी पूर्णगडसमोर एक व्हेल शार्क दिसली. लांबी सव्वीस फूट, होडीशी ताडून पाहिली. उजव्या पराच्या मुळाशी नायलॉनचा हिरवा दोर मांसात रुतला होता.

होडीचे तांडेल बाळूदादा, त्यांना इंजिन बंद करायला लावलं. ओरडायचं नाही, उडी मारायची नाही, तिच्या शेपटीकडे जायचं नाही, सगळं बजावलं. मग सुरी घेऊन, तिच्या डोळ्याला दिसेन असा, कडेने पोहत गेलो. ती थांबली. दोराचे तीन वेढे होते, त्यातले दोन तिने शांतपणे कापू दिले.

तेवढ्यात तिच्या डोक्याशी धप्पकन नारळ पडला. ती दचकली आणि दोरासकट खोल गेली.

वर येऊन मी बाळूदादांवर भडकलो. ते हात जोडून उभे होते.

"देव भेटायला आला, त्याला रिकामा कसा धाडू? आणि नारळाचं तुम्ही कुठे बोललात, भाऊ?"

नव्हतो बोललो.

दुपारभर पार नाटे गावापर्यंत शोधलं, पण ती दिसली नाही. पोहणं, मासे ओळखणं, सगळं मी स्वतःच शिकलो. कधी कुणाला काही विचारलं नाही. आज विचारतो. तो उरलेला वेढा आपोआप सुटेल का हो?