जेवायच्या वेळी येणारी यमुनामावशी

अन्याय झाला माझ्या चुलतवहिनीवर, सुनंदावर. मागच्या मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, टाकवे बुद्रुकमध्ये, आमच्याच काकूंच्या घरात. तिला दुसरा महिना होता, सकाळपासून ओकाऱ्या येत होत्या, आणि तरी कडक उपास. का? तर तीन महिने कुणाला सांगायचं नाही. उपास मोडला की शेजारणी कारण विचारणार. मी गर्भारपणातल्या आहाराची पत्रकं गावभर वाटत होते, आणि इथे गुपित राखायला सून उपाशी.

मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात यमुनामावशी आली. शेजारची ही म्हातारी नवी सून असलेल्या प्रत्येक घरी नेमकी जेवायच्या वेळी टपकायची. गाव तिला खादाड म्हणायचं. मीही म्हणायचे.

सुनंदाच्या सुकलेल्या तोंडाकडे एकदा बघून तिने बसकण मारली. आपल्याला डॉक्टरने गोळ्या दिल्यात, उपास सोडायचाय. पण एकटीने सोडलेला देवीला चालत नाही, घरातल्या धाकट्या सवाष्णीने सोबत सोडावा लागतो, असं तिने काकूंना बजावलं. काकू म्हणाल्या, असलं कधी ऐकलं नाही.

"तुला आयकायला येळ कुटं हाय? वाढ दोगींना."

पुरुषांसाठी केलेली मुगाची आमटी, मेथी, भाकरी ताटात आली. सुनंदा भाकरीचा कोरडा तुकडा चघळत बसली.

"दमानं. दोन घास खा, थांब, मग परत दोन. एकटीला उतरत न्हाई बाई, म्हणून मी हाय."

अर्धी भाकरी पोटात टिकली.

परतताना वाटेत मी मावशीला विचारलं, हा नियम कुठल्या पोथीतला?

"पोथी लिवनारा कवा गरवार व्हता?"

पण मला खरं कोडं दुसरंच होतं. कुणाला दिवस गेलेत, हे तिला कळायचं कसं?

"मला न्हाई कळत. म्हणून तर समद्याच सुनांकडं जाते. एकीकडंच गेले, तर गाव लगेच महिनं मोजंल."

श्रावणात मावशी गेली. सुनंदाची मुलगी तेव्हा तान्ही होती.

मी अजून पत्रकं वाटते. डाळी, पालेभाज्या, फोलिक ॲसिडच्या गोळ्या, सगळं त्यात आहे. सुनेच्या ताटात ते कोण वाढणार, आणि कधी, एवढंच त्यात नाही. ते तुम्ही करायचं. तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी जी कुणी असेल, तिला आज पहिल्या पंगतीला बसवा. कारण विचारू नका.