ताईच्या केसांना आम्ही तेल लावत राहिलो

आज सकाळी मुलगी म्हणाली, "आई, केस फार गळतायत, घरगुती उपाय सांग ना." मी म्हटलं, आधी रक्त तपासून घे. ती चिडली, म्हणून इथे लिहितेय.

नव्वदच्या सुमारास आम्ही नवीन पनवेलला राहायचो. माझ्या मोठ्या बहिणीचे, सुमाताईचे केस मूठमूठ गळायला लागले. तिच्यासाठी स्थळं बघत होते, त्यामुळे आईने कुणाला कळू दिलं नाही. जास्वंदीचं तेल, कांद्याचा रस, मेथीचा लेप, सगळं करून झालं. ताई सारखी थकायची, अंगात बारीक ताप असायचा. तिकडे आमचं लक्षच नव्हतं.

डोंगरातल्या वाडीवरची एक बाई तेलासाठी माक्याचा पाला विकायला यायची. एकदा ताईला बघून तिने पाटी परत उचलली.

"माका नाय देत मी. पोरीच्या अंगात रगत नाय. दवाखान्यात न्या हिला."

"तू तुझं विकायचं बघ," आई म्हणाली.

चार महिन्यांनी ताईला चक्कर आली, तेव्हा दवाखान्यात नेलं. केस गळणं, ताप, थकवा, सगळं एकाच आजाराचं होतं, डॉक्टर म्हणाले; तोवर त्याने मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवाळीआधी ती गेली.

तेल लावा, माझी ना नाही. पण जिचे केस गळतायत तिला बरं वाटतंय का, हे घरात कुणी विचारलंय?